कोमट पाण्याचा भरवसा

दादास,

नमस्कार नंतर करीन, आधी बोलणी खा.

आईला सांग, मी जहाजावर बरी आहे, पोटभर जेवते. दोरीने तापमापक समुद्रात खोल सोडायचा आणि आकडे वेधशाळेला कळवायचे, एवढंच माझं काम.

वहिनीने कळवलं, वादळाचा इशारा असतानाही तू होडी काढलीस. "धाकटीला काय कळतंय? बाबांसारखा धक्क्यावर पाण्यात हात घातला. कोमट लागलं, म्हणजे समुद्र शांत," असं म्हणालास म्हणे. मोठा आलाय शहाणा!

अरे, तेच कोमट पाणी वादळाचं खाद्य आहे. तापलेल्या समुद्राची वाफ वर चढते, तिचे ढग होतात आणि तिच्यातली ऊब हवेला मिळते. ती हवा आणखी वर उठते आणि तिची जागा घ्यायला चहूकडून वारा धावतो. समुद्र जितका गरम, तितकं वादळ माजतं. यंदा तर पाणी खोलवर तापलंय. तुझा हात जातो मनगटापर्यंत!

या वेळी वादळ बाजूने गेलं, म्हणून मिशीला पीळ देऊ नकोस. पोरीचा खोकला थांबला का? आईचे गुडघे कसे आहेत?

आणि आईलाच विचार. बाबा परत आले नाहीत, त्या दिवशी सकाळी डबा घ्यायला ते घरात आले, तेव्हा ओला हात पुसत काय म्हणाले होते? मी दारातच उभी होते.

"आज पाणी मस्त कोमट आहे," म्हणाले होते.

तुझी,
धाकटी