आठ ते दहा कोंबड्यांसाठी

३ मार्च, सोमवार

न्हाणीघरात सात कोंबड्या! सात! आज आंघोळ उरकली ती एका पायावर. बादलीच्या काठावर एक बसलेली, टक लावून बघतेय. निवृत्त माणसाला स्वतःच्या घरात अब्रूने आंघोळही करता येऊ नये!

लेक काल दुपारी टेम्पोतून उतरली. एक बॅग आणि दोन खोक्यांत कोंबड्या. "चार दिवस राहते, बाबा." राहा की. पण कोंबड्या कशाला? "तिथे त्यांच्याकडे कोण बघणार?" म्हणजे नवरा ठेवून आली आणि कोंबड्या घेऊन आली. काय झालं ते सांगत नाही. मी विचारायला तोंड उघडलं की बायको डोळे वटारते. नवरा-बायकोत कुरबुर व्हायचीच. आमच्यात काय कमी झाली? पण ही काही माहेरी कोंबड्या घेऊन गेली नव्हती.

४ मार्च

साबणाच्या वडीशेजारी अंडं. यावर काय लिहू!

५ मार्च, बुधवार

खुराडं घ्यायलाच हवं. लेकीने कागदावर हिशोब मांडून दिला – आत प्रत्येकीला चार चौरस फूट, बाहेर फिरायला दहा. म्हणजे आत अठ्ठावीस आणि बाहेर सत्तर. आमचं स्वयंपाकघर तरी एवढं आहे का? "चार दिवसांसाठी?" म्हटलं. ती खाली बघत बसली. मला अशा बसण्याचा संताप येतो. बोल ना काय ते!

मला कोणी माप शिकवायचं नाही. एकतीस वर्षं गोदाम सांभाळलं. वीतभर जागा कधी वाया जाऊ दिली नाही. मोठे साहेब पाहुण्यांना मुद्दाम माझी रचलेली थप्पी दाखवायला आणत. टेप काढला आणि एका कोंबडीला बायकोकडे धरायला देऊन मापलं. बसलेली कोंबडी एक फूट लांब, आठ इंच रुंद. सात कोंबड्या पाच चौरस फुटांत आरामात बसतात, वर हवा खेळायला जागा उरते. अठ्ठावीस म्हणे!

६ मार्च, गुरुवार

घेऊन आलो. दुकानात दोनच होती. मोठ्याची किंमत ऐकून मी चष्मा काढून पुसला. माझी दोन महिन्यांची पेन्शन! लहान त्याच्या चौथ्या हिश्श्यात. वर छापील चिठ्ठी – 'आठ ते दहा कोंबड्यांसाठी'. दुकानदार म्हणाला, "काका, आठ तर लोळतील आत." चार फूट बाय दोन, हिरवं छप्पर, चढायला छोटी शिडी. परत घेणार नाही, असं पावतीवर शिक्क्यात.

लेकीने बघितलं. "लहान आहे." एवढंच. आभार नाहीत, काही नाही. बायकोही तिच्याच बाजूची, भाजी चिरत बसली खटाखट.

आता इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. पैसे उसने आणले असते. पण मोठं खुराडं घेतलं की झालं, मुक्कामच पडला! लहान असलं की गोष्ट लहान राहते. चार दिवसांत पोरीचं डोकं शांत होईल, कोंबड्या उचलेल आणि आपल्या घरी जाईल. बापाने असाच विचार करायचा असतो.

७ मार्च

बसायच्या दांडीवर चौघीच मावतात. बाकीच्या खाली. असू दे. गाडीत सगळ्यांना कुठे सीट मिळते?

८ मार्च, शनिवार

दोन दिवस झाले, आवाज नाही, तक्रार नाही. कोंबड्या गुण्यागोविंदाने राहताहेत. लेकीला दोनदा ऐकवलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

९ मार्च, रविवार

भुरीची मान सोलून निघाली आहे. पिसं उपटलेली, रक्त. काळीचं काम. सकाळी दार उघडलं तर भुरी कोपऱ्यात तोंड खुपसून उभी आणि काळी तिच्या अंगावर पाय देऊन.

इतकी वर्षं गोदामात खोकी रचली, एक खोकं कधी दुसऱ्याला चावलं नाही!

तसाच टेप घेऊन खुराड्यात डोकं घातलं. चार फुटांतला एक फूट शिडीचा! उरलेल्या तिनातला एक अंडी घालायच्या कप्प्याचा! राहिलं दोन बाय दोन. आधी आतून मापायला माझे हात मोडले होते काय? छापील चिठ्ठी वाचली आणि भुललो. मी! बाहेरून माप घेणाऱ्या पोरांना मी गोदामात दिवसभर उभं करायचो.

दुकानात गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. त्याने शांतपणे विचारलं, "काका, किती दिवस ठेवायच्यात? विकायला न्यायच्या असतील तर आठ. पाळायच्या असतील तर दोन, फार तर तीन." मग चिठ्ठीवर लिहायला काय झालं होतं, गाढवा?

घरी येतो तर जावयाचा फोन. आवाज नेहमीसारखा मऊ. "बाबा, झाली की तिची हौस. आता पाठवा. का मी न्यायला येऊ?" म्हटलं, शनिवारी ये. लेकीला सांगितलं. ती भुरीच्या मानेला औषध लावत होती. हात थांबला, मग पुन्हा लावायला लागली. मी विचारलं, "बरं ना?" तिने औषधाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

१० मार्च

बायको माझ्याशी बोलत नाही. चहा टेबलावर आपटून जाते. कप फुटला तर कोणाला भुर्दंड?

११ मार्च, मंगळवार

आज वैतागून लेकीला म्हटलं, "ती काळी विकून टाक. भांडणच मिटेल."

तर बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सलग बोलली. जाळीत बोटं अडकवून उभी होती, माझ्याकडे बघतही नव्हती. "काळी गेली तर दुसरी कोणी टोचेल, बाबा. कोंबड्या टोचतातच. पण जागा असली की जिला मार बसतो तिला लांब जाता येतं. इथे कुठे जाणार? हलली की अजून बसतो, म्हणून हलत नाही. तुम्हाला वाटलं, दोन दिवस छान चाललंय."

मी म्हटलं, "मग ओरडायचं तरी!"

"ओरडून काय होतं?" म्हणाली आणि आत गेली.

मी तिथेच उभा. भुरीने मान वर केली नाही. लेकीच्या कोपराच्या वर पिवळट पडत चाललेला डाग आहे. ती आली त्या दिवशीही दिसला होता मला. टेम्पोतून सामान उतरवताना लागलं असेल, असं मीच ठरवून टाकलं होतं. तिने तसं कधी सांगितलं नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

मागची अडगळीची खोली. आठ बाय सहा. आतून मापली! अठ्ठेचाळीस चौरस फूट, आणि त्यात काय तर माझी रिकामी खोकी. रेडिओचं, पंख्याचं, मिक्सरचं, लेकीच्या पहिल्या बुटांचंसुद्धा. छपरापर्यंत सरळ रेषेत रचलेली. कधीतरी लागतील म्हणून. एवढी जागा घरात होती आणि मी विकतचं दोन बाय दोन आणून कोंबून ठेवलं!

सगळी बाहेर फेकली. लाथेने. बायको दारात येऊन म्हणाली, "वीस वर्षं सांगतेय, तेव्हा नाही सुचलं!" मी म्हटलं, "बोलू नकोस, खोकी उचल." उचलली. भंगारवाला दोन फेऱ्या करून घेऊन गेला. त्याच्याकडच्याच दोन जुन्या खिडक्या मी कोंबड्यांना उजेड-वारा म्हणून ठेवून घेतल्या.

१३ मार्च, गुरुवार

जाळीवाल्याशी भांडलो. मोजायच्या गजावर बोट ठेवून मापतो, लबाड! प्रत्येक मीटरला बोटभर कमी. पुन्हा मापायला लावलं. मागच्या भिंतीपासून कुंपणाच्या तारेपर्यंत बाहेरची जागा पंच्याहत्तर भरते. पाच जास्त. असू देत. दांड्या लेकीने ठोकल्या. माझ्यापेक्षा सरळ ठोकते, हे मान्य करायला लागलं.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी कोंबड्या नव्या जागेत सोडल्या. ढकलाव्या लागल्या नाहीत, आपल्या पायांनी आत गेल्या. काळीने लगेच भुरीला गाठलं आणि एक टोच मारली. भुरी पळाली! थेट पलीकडच्या कोपऱ्यात. काळी दोन पावलं तिच्या मागे गेली, मग कंटाळून वळली. भुरीने अंग झाडलं आणि दाणे टिपायला लागली. जेमतेम अर्धं मिनिट लागलं या सगळ्याला.

मी उलटी बादली टाकून तासभर बघत बसलो. मग इतका संताप आला की जाळीचे उरलेले तुकडे अंगणभर भिरकावले. दुकानदारावर नव्हता तो. लेक आली, बाजूला बसली. मी विचारलं, "लग्नापासून?" तिने मान हलवली. होय म्हणून.

१५ मार्च, शनिवार

जावई दहा वाजता आला. पेढीवर बसल्यासारखा हसत. मी दारातून हललो नाही. "ती येणार नाही," म्हटलं. "बाबा, तुम्ही आमच्यात पडू नका." म्हटलं, "उशिराच पडतोय. चालता हो." पुन्हा येईल. येऊ दे.

ती याआधी दोनदा आली होती. इथे कुठेच लिहिलं नाही मी ते. दोन्ही वेळा मीच तिला बसने परत पोचवली. दुसऱ्या वेळी तिने वाटेत तोंडातून शब्द काढला नाही, सासरच्या फाटकाशी पोचलो तेव्हाही नाही. आणि घरी येऊन मी बायकोला कौतुकाने सांगितलं होतं – "बघ, एका शब्दानं उलट बोलली नाही पोरगी."