दोन पासपोर्ट आणि एक खांदा

मंगळवार, ३ मार्च. सकाळी ७.१०
मॉरीनचा ग्रिम्सबीहून फोन. आई पहाटे गेली. झोपेतच. मी वेळ लिहून घेतली, ४.४०, कंसात इंग्लंडची वेळ. मॉरीनने विचारलं, अरे, ऐकतोयस ना? म्हटलं, ऐकतोय. डिशवॉशर रिकामा करत होतो. तो पुरता रिकामा केला. चमचे चमच्यांच्या खणात.
निश्चय: सगळं शांतपणे, एकेक करून. बहिणीला माझ्यामुळे कसलाही त्रास होणार नाही.

गुरुवार, ५ मार्च
अंत्यविधीची तारीख ठरली. शुक्रवार २०, सकाळी ११.२०. तिकडे स्मशानगृहात नंबर लागायला दोन आठवडे जातातच. माझ्या दृष्टीने उत्तम. दोन आठवड्यांत मी याहून मोठे कंटेनर जगाच्या दुसऱ्या टोकाला पोचवले आहेत. इथे डेन्मार्कमध्ये, आरहूसच्या बंदरात सव्वीस वर्षं कागदपत्रं तपासण्यात गेली. कागद हा माझा धंदा आहे.
मॉरीनने उंची विचारली. अंत्यविधीवाल्यांना लागते. शवपेटी सहाजण उचलणार, जोड्या सारख्या उंचीच्या हव्यात, नाहीतर पेटी कलते. मी सहा फूट एक. चुलतभाऊ टेरी सहा फूट एक. बाकी आमच्या घराण्यातले सगळे बोरिल बुटके. पुढे उजवीकडे टेरी, पुढे डावीकडे मी. मॉरीन म्हणाली, आईनेच सांगून ठेवलंय, पुढे क्लाइव हवा, एकदा तरी वेळेवर येईल. आईचा विनोद.

शुक्रवार, ६ मार्च
तिकीट काढलं. गुरुवार १९, बिलुंडहून मँचेस्टर, पुढे थेट रेल्वे. विमान कंपनीच्या जुन्या खात्यात नाव आधीच भरलेलं होतं, क्लाइव बोरिल. चार मिनिटांत काम फत्ते. मॉरीनला कळवलं. तिने अंगठा पाठवला.

शनिवार, ७ मार्च
मॉरीनचा फोन. म्हणाली, तुझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे ना चालू? शेजारच्या पॅमच्या सुनेला स्पेनमध्ये विमानात चढू दिलं नाही, नवीन नियम आलाय, दोन नागरिकत्वं असली तरी ब्रिटिश पासपोर्टच दाखवायचा. मला हसू आलं. सांगितलं, ब्रिटिश पासपोर्ट २०२१ मध्ये संपला, मी मुद्दामच नवा काढला नाही. डॅनिश आहे. एका माणसाला किती पासपोर्ट लागतात? ती म्हणाली, ते मला नको सांगूस, विमानतळावर सांग.
डॅनिश लोक इंग्लंडला जायचा परवाना फोनवरून काढतात, दहा मिनिटांत. मीही बसलो काढायला. फॉर्ममध्ये प्रश्न: आणखी कुठलं नागरिकत्व आहे का? खरं ते लिहिलं, ब्रिटिश. उत्तर आलं, ब्रिटिश नागरिकांना परवाना लागत नाही.
लागत नाही! याचा फोटो काढून ठेवला. मॉरीनला पाठवला. तिने अंगठा पाठवला नाही.

मंगळवार, १० मार्च
किरकोळ बाब. तिकिटावर बोरिल आहे, डॅनिश पासपोर्टावर डामगोर. लग्नात विबेकेचं आडनाव घेतलं होतं, इथे पुरुष घेतात. तिच्या आईला बोरिल म्हणता येत नसे. नऊ वर्षांपूर्वी घटस्फोट झाला, विबेके गेली, आडनाव राहिलं. बदलायचा फॉर्म दहा मिनिटांचा आहे. निवांत वेळ मिळाला की भरणार आहे.

गुरुवार, १२ मार्च. दुपारी
विमान कंपनीला फोन. पन्नास मिनिटं गाणं ऐकलं, मग एक बाई. नाव बदलून मिळालं: क्लाइव डामगोर. तिकीट आणि डॅनिश पासपोर्ट आता तंतोतंत जुळतात. बाई म्हणाली, आणि परवाना? म्हटलं, मला लागत नाही, मी ब्रिटिश आहे. ती म्हणाली, मग ब्रिटिश पासपोर्ट दाखवावा लागेल. म्हटलं, मी डॅनिश आहे. ती म्हणाली, साहेब, सीट एकच घेतली आहे तुम्ही, बसणार कोण? बायकांना धंद्यात विनोदाची हौस असते.
शेवटी तिनेच सांगितलं, मुदत संपलेला ब्रिटिश पासपोर्ट असेल तर डॅनिशसोबत न्या, काउंटरवाले कधी कधी मान्य करतात. कधी कधी म्हणजे बहुतेक वेळा.

शनिवार, १४ मार्च
मॉरीन म्हणाली, अरे शहाण्या, वकिलातीतून तातडीचा प्रवासाचा कागद मिळतो, दोन दिवसांत, माणूस गेला असेल तर लगेच बघतात. आजच अर्ज कर. मी समजावलं, तातडीचे कागद तयारी न केलेल्या लोकांसाठी असतात. ती म्हणाली, मग तुझ्यासाठीच आहेत ना. मग तिने विचारलं, रडलास का रे? म्हटलं, अजून जमलं नाही, या आठवड्यात बरीच कामं आहेत.
अर्जाचं पान उघडून ठेवलं आहे. गरज पडलीच तर सोमवारी.

रविवार, १५ मार्च
जुना पासपोर्ट विबेकेच्या माळ्यावरच्या खोक्यात निघाला. मुखपृष्ठाचा कोपरा उंदराने खाल्लाय, आतलं पान शाबूत. क्लाइव बोरिल, जन्म ग्रिम्सबी, डोक्यावर केस. विबेकेने कॉफी दिली. म्हणाली, तुझी आई मला दर नाताळला मोजे पाठवायची, घटस्फोटानंतरही. मला हे माहीत नव्हतं. त्याच खोक्यात लग्नाचा दाखला होता, त्यावर दोन्ही आडनावं. ती म्हणाली, हाही घेऊन जा, कुणी विचारलं तर? मी नम्रपणे परत केला. म्हटलं, आपलं ते प्रकरण मिटलंय. ती म्हणाली, क्लाइव, हा नुसता कागद आहे. कागदाबद्दल मला सांगते.

सोमवार, १६ मार्च
काळा सूट होतोय. वरचं बटण सोडून. इस्त्रीची फळी उजव्या खांद्यावर घेऊन पॅसेजमध्ये चार फेऱ्या मारल्या. डावा पाय आधी. चाल संथ, मान सरळ. न अडखळता जमलं. टेरीला मेसेज केला, डावा पाय आधी. त्याचं उत्तर: तू आधी ये.
वकिलातीचा अर्ज राहिला. तशी आता गरजही नाही.

मंगळवार, १७ मार्च
घरूनच चेक-इन करायला गेलो. स्क्रीनवर आलं, कृपया काउंटरवर कागदपत्रं दाखवा. बाकीच्यांना यंत्र, मला माणूस. बरं झालं. माणसाला समजावता येतं.

गुरुवार, १९ मार्च. सकाळी ७.३५, बिलुंड विमानतळ
अडीच तास आधी पोचलो. रांगेत पहिला. फाइलमध्ये क्रमाने: तिकीट, डॅनिश पासपोर्ट, ब्रिटिश पासपोर्ट, परवाना लागत नाही याचा छापील फोटो. काउंटर उघडायचा आहे. माझ्या मागे एक कुटुंब आहे, त्यांच्याकडे फाइलच नाही. कीव आली.

सकाळी १०.२०. तिथेच, बाकावर
विमान गेलं.
काउंटरवरची मुलगी चांगली होती, हे लिहिलं पाहिजे. तिने फोटो वाचला. म्हणाली, बरोबर आहे, ब्रिटिश माणसाला परवाना लागत नाही, तर ब्रिटिश असल्याचं दाखवा. मी जुना पासपोर्ट दिला. ती म्हणाली, हे बोरिल. प्रवास करणारे डामगोर. म्हटलं, दोघेही मीच. ती म्हणाली, असणारच हो, पण तसं सांगणारा एखादा कागद? लग्नाचा दाखला चालेल.
मी फाइल चाळली. काय चाळतोय हे मला माहीत होतं, तरी शेवटपर्यंत चाळली.
तिने तीन ठिकाणी फोन केले. एकाला म्हणाली, त्यांच्या आईचा अंत्यविधी आहे हो. मी हे तिला सांगितल्याचं आठवत नाही. सांगितलं असणार. तिसऱ्या फोनवर ती बराच वेळ नुसतं हं, हं म्हणत राहिली आणि मग माझ्याकडे न बघता काउंटर बंद झाल्याची पाटी लावली. मागचं कुटुंब केव्हाच आत गेलं होतं. ते नुसते डॅनिश.
विबेकेला फोन केला. ती म्हणाली, दाखला घेऊन निघते, दीड तास लागेल. म्हटलं, नको. लंडनच्या विमानाचीही चौकशी केली. उत्तर तेच. वकिलातीचं म्हणणं, आज अर्ज केलात तर सोमवारी.
मॉरीनला सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. म्हणाली, बरं. मग म्हणाली, सहा फूट एकचा माणूस शोधते. मी म्हटलं, डावा पाय आधी, त्याला सांग. तिने फोन ठेवला.

शुक्रवार, २० मार्च. दुपारी १.०५
स्मशानगृहाच्या कॅमेऱ्यावरून घरबसल्या बघायची सोय असते. तिथले ११.२० म्हणजे इथले १२.२०. यात चूक केली नाही. नाव विचारलं, बोरिल लिहिलं. लगेच आत घेतलं. पासपोर्ट मागितला नाही.
काळा सूट घातला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसलो.
कॅमेरा वर कोपऱ्यात. माणसांची फक्त डोकी दिसतात. पहिल्या रांगेत मॉरीन, तिच्या शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यावर तिने कोट ठेवला होता. विबेके तिसऱ्या रांगेत होती. ती येणार हे मला माहीत नव्हतं. तिच्याकडे एकच पासपोर्ट आहे, एकच नाव, परवाना दहा मिनिटांत मिळाला असेल.
मग पेटी आली. पुढे उजवीकडे टेरी. पुढे डावीकडे अंत्यविधीवाल्यांचा माणूस. माणूस नीटनेटका, पण पाच फूट दहा असेल, जास्त नाही. डावा पाय आधी टाकला, हे खरं. पण उंची ती उंची. दारापासून पुढच्या चौथऱ्यापर्यंत पेटी त्या कोपऱ्यात खाली कललेली होती. पूर्ण वेळ, माझ्या बाजूला.
मी उठून उभा राहिलो आणि उजवा खांदा वर केला. तीन इंच. पेटी खाली ठेवेपर्यंत तसाच होतो.
नंतर कॅमेरा बंद झाला. डिशवॉशर लावला. आत एकच कप होता.