घाटासाठी भारी पेट्रोल

पुणे, १२ मे २०२५

ती. स्व. इंद्रभानमामांना कुलदीपचा सा. न. वि. वि.

आखाजीच्या सणाला मामींच्या नावाची घागर पुजून निघालो तो सुखरूप पोचलो. चार आंबे बसमध्ये पिचले, बाकीचे रूमवरच्या पोरांनी एका बैठकीत संपवले. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्ही हाव हाव म्हणता अन् आपलंच खरं करता. पत्र तरी दोनदा वाचता.

मामा, निघायच्या दिवशी तुमची व्हॅन घेऊन नांदुऱ्याले गेलो होतो. पंपावरच्या तुळशीरामनं मले न विचारता पंच्याण्णव ऑक्टेनचं भारी पेट्रोल टाकायले घेतलं. अडवलं तं हसून म्हणाला, इंद्रभानभाऊची गाडी नऊ वर्षांपासून भारीच पेते. मी तिथंच डोक्याले हात लावला. अठ्ठावीस वर्षांची व्हॅन, वांगे-भेंडीची वाहतूक, अन् हा शाही खुराक. तोही पिंपळगावातला पंप सोडून नांदुऱ्यापर्यंत जाऊन. मी इथं दिवसभर इंजिनं तपासतो, अन् माझ्याच मामाच्या घरी हे चालू आहे.

ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. इंजिनात पेट्रोल दाबलं जाते तेव्हा ते वेळेआधी भडकू नये, एवढंच त्याचं काम. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याले जास्त ऑक्टेन लागते. तुमच्या गाडीचा दाब कमी. तिच्या पुस्तकात सत्त्याऐंशी लिहिलं आहे, अन् गावातलं साधं पेट्रोल एक्क्याण्णव असते. वरचं सगळं वाया. आजपासून साधंच भरा.

रागावलात तरी चालेल, पण उत्तर धाडा.
तुमचा कुलदीप

*

पिंपळगाव राजा, २४ मे २०२५

चि. कुलदीपास इंद्रभानचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा नाही, चारदा वाचलं. आंबे पिचले ते तुह्या धसमुसळेपणानं, बसगाडीले काऊन दोष देतं? भेंडी बरी आहे. वांग्यावर अळी आली, फवारून राह्यलो.

ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, हे वाचून मी बांधावरच बसून राह्यलो. सोजराबाई भेंडी तोडून आली, तिले वाटलं कोणी गेल्याची चिठ्ठी आली. तिनं पाणी पाजलं.

तुले सांगतो. मंजुळाच्या छातीत कळ आली तेव्हा तिले याच गाडीत टाकून बुलढाण्याले चाललो होतो. मे महिना, दुपारचे दोन. राजूर घाटात गाडी फडफड करून थांबली ते थांबलीच. अर्ध्या घंट्यानं ट्रकवाला भेटला. तोवर तिचा हात माह्या हातात थंडा झाला होता. तेरवीच्या दिवशी एक जण म्हणाला, भारी पेट्रोल असतं तं गाडी घाटात दमली नसती. मले ते पटलं. बैलाले चढाच्या आधी गूळ-पेंड चारावं लागते, हे कास्तकाराले कोणी शिकवत नाही. मी त्या दिवशी साधं भरलं होतं. ते माह्यानं झालं असं समजून नऊ वर्षं काढली.

आता तू म्हणतं, तिले साधंच पुरते. मंग त्या दिवशी काय कमी पडलं, ते सांग. मले झोप नाही.

तब्येतीले जपजो.
तुहा मामा, इंद्रभान

*

पुणे, २ जून २०२५

सौ. छायाताईस सा. न.

मामांचं पत्र वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. सोबत त्याची झेरॉक्स पाठवतो. तू सख्खी लेक, तुले तरी हे माहीत होतं का? मी त्यांची मस्करी केली, याची लाज वाटून राह्यली.

ताई, मामींच्या तेरवीले तुझ्या बापाच्या डोक्यात हे कोणी भरवलं? मामा नाव सांगत नाहीत. तू तिथं होतीस. त्या दीडशहाण्याच्या दारात उभं राहून मी त्याले विचारणार आहे, की बायको गेलेल्या माणसाले असं बोलताना जीभ कशी झडली नाही. नाव कळव.

लोणारच्या सगळ्यांना नमस्कार.
कुलदीप

*

लोणार, ११ जून २०२५

चि. कुलदीपास अनेक आशीर्वाद.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. शाळा उघडायची आहे, माझी धावपळ चालू आहे. तुझं पत्र ठेवून दिलं होतं. काय लिहावं कळेना. पण तू नावच मागितलंस.

कुलदीप, ते तू म्हणाला होतास.

तू तेव्हा ऑटोमोबाईल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतास. ओट्यावर माणसं बसली होती. गाडी का थांबली यावर ज्याचं त्याचं चाललं होतं. तू मध्येच ऑक्टेनचं बोललास आणि सगळ्यांनी ते खरं धरलं, कारण त्यातलं शिकणारा आपल्यात तू एकटाच. बाबा उठून आत गेले. तुला आठवत नसेल. तेव्हा तू रडून रडून बेजार झाला होतास, आईनं तुला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. पण बाबांना पत्र तूच लिही.
तुझी ताई, छाया

*

पुणे, १७ जून २०२५

ती. स्व. मामांना सा. न.

ताईनं सांगितलं. चार दिवस हे पत्र सुरू करून फाडत होतो. मामा, मले काहीच आठवत नाही. मी एक वाक्य बोललो, विसरलो, अन् तुम्ही ते नऊ वर्षं गाडीत भरत राह्यले.

त्या दिवशी मले काही येत नव्हतं. आज येते म्हणून लिहितो. तुमची गाडी जुन्या कार्बोरेटरची, इंजिन सीटखाली. मे महिन्याच्या दुपारी चढावर ते इतकं तापते की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते अन् पेट्रोल पुढं सरकत नाही. थंड झाली की गाडी आपोआप सुरू होते. तुमचीही संध्याकाळी झाली असेल. कितीही भारी पेट्रोल असतं तरी तेच झालं असतं. मामी वाचल्या असत्या का, ते मले सांगता येत नाही. तुमच्या हातून चूक झाली नाही, हे सांगता येते. चूक माझी होती.

माफी कोणत्या तोंडानं मागू?
कुलदीप

*

पिंपळगाव राजा, २९ जून २०२५

चि. कुलदीपास अनेक आशीर्वाद.

हाव, गाडी संध्याकाळी पहिल्याच चावीत सुरू झाली होती. तिचा मले लई राग आला होता तवा.

तू म्हणाला होता हे मी कसा विसरीन? म्हणूनच नाव लिहिलं नाही. छायीच्या पोटात काही राहत नाही. तिच्या मायचं असंच होतं.

आता ऐक. ओट्यावरचे बाकी सगळे म्हणत होते, देवाची मर्जी. देवाच्या मर्जीले मी काय करणार होतो? तू पेट्रोल म्हणाला, ते मले करता येत होतं. दर आठ दिवसांनी नांदुऱ्याले जायचं अन् टाकी भरायची. नाहीतं मी कधीचा खाटेवर पडलो असतो. तवा रडत बसू नको.

परवा गावातल्या पंपावर साधं भरलं अन् एकटाच राजूर घाटात गेलो. नऊ वर्षांत तो रस्ता धरला नव्हता. त्याच वळणावर गाडी बंद केली. मंजुळाले तुहं पत्र वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मंग चावी फिरवली, अन् साध्या पेट्रोलवर गाडी घाट चढून गेली.

आखाजीची वाट पाहू नको, लवकर येजो. आंबे सरले, वांगे देतो. ते तरी बसमध्ये पिचत नाहीत.
तुहा मामा, इंद्रभान