जगभर चालणारी वॉरंटी

शारजा, २४ ऑगस्ट २०२५

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर आपलं बोलणं म्हणजे सगळ्या घराचं बोलणं. स्पीकर लावला की आई मध्ये, तुझी वहिनी तृप्ती मागे आणि स्नेहल फोनच हिसकावणार. म्हणून बहीणभावातलं हे कागदावर. सायखेड्याचा समाधान सुट्टीवर निघालाय, त्याच्याजवळ तुझा लॅपटॉप देतोय. त्याला नुसत्या चहावर कटवू नकोस, जेवायला घाल.

तुला हवा तसा जड कामाचा लॅपटॉप कंपनीच्या शोरूममध्ये माझ्या आवाक्यातला नव्हता. म्हणून एका दुकानातून घेतला. हा दुकानदार घाऊक माल उचलून पुढे विकतो. वस्तू कोरी, खोकं सीलबंद. भारतात बिघडला तर काय, असं मी दोनदा विचारलं. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की इंटरनॅशनल वॉरंटी आहे, जगभर चालते. बिलावर तसा शिक्काही मारून दिला.

ओझरच्या डिझाइन ऑफिसात डिसेंबरअखेरपर्यंत तुझी उमेदवारी, आणि तोवर मशीन स्वतःचं हवं. जानेवारीत माझा इथला करार संपतो. तू कायम झालीस तर वर्षभर घर तुझ्या पगारावर निभेल आणि तेवढ्यात मी नाशकात एसी दुरुस्तीचा जम बसवीन. नाहीतर पुन्हा सही. स्नेहल चार वर्षांची झाली, पण तिला बाप सुट्टीपुरताच माहीत आहे. मला परत यायचंय, मनू. फोनवर हे तोंडातून निघत नाही.

आईला नमस्कार, स्नेहलला पापा. लोभ आहेच.
तुझा दादा,
सुनील


मखमलाबाद, नाशिक, ५ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. (शाळेत शिकवलेलं सगळं वापरतेय, हसू नकोस.)

लॅपटॉप नाही, वाघ आहे तो. विमानाच्या सुट्या भागांचे आराखडे असे गरगर फिरवतो की बघत राहावं. आमचे पुंजाराम सर कुणाला चांगलं म्हणायचे नाहीत. परवा माझं काम बघून म्हणाले, ठीक आहे. ऑफिसातल्यांच्या मते हे पेढे वाटण्याजोगं आहे.

दसऱ्याच्या आधी झेंडूच्या तोडणीने सगळ्यांची कंबर मोडली, तरी आईने पूजा सोडली नाही. पाटावर कोयता, विळे, फवारणीचा पंप आणि यंदा मधोमध लॅपटॉप. मी म्हटलं मिटलेलाच राहू दे, तर म्हणाली की कोयता फडक्यातून काढून पुजतो, मग हे बी उघड, मिटल्या हत्याराला पूजा पोचत नाय. मी उघडून धरला. तिने आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं आणि वर फुलं ठेवली. मग हात जोडून त्या मशीनलाच सांगितलं की माझ्या सुनीलला घरी आण. वहिनी तोंड फिरवून आत गेली.

मी ओढणीने सगळं पुसून घेतलं आणि संध्याकाळी कामाला बसले. तुझ्या येण्याची तयारी करतेय, आणखी काय!

तब्येतीला जप. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
मनीषा


मखमलाबाद, ११ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मनाची तयारी करून वाच. लॅपटॉप बंद पडला. आधी दोनचार बटणं दाबली जाईनात, मग एका सकाळी तो उठलाच नाही. मी बिल घेऊन ताठ मानेने कॉलेज रोडच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तुझा शिक्का होता ना जवळ!

काउंटरवरच्या मुलीने मशीनचा नंबर कॉम्प्युटरवर घातला आणि सांगितलं की हे आखाती देशांत विकायला पाठवलेलं मशीन आहे, याची वॉरंटी तिकडेच चालेल. बाहेरच्या देशात चालणारी वॉरंटी वेगळी असते, ती कंपनीच्या नोंदीत त्या नंबरावर लागते. या नंबरावर ती नाही. मी शिक्का दाखवला. ती म्हणाली, हा शब्द दुकानदाराचा आहे, कंपनीचा नाही, मॅडम. वर आणखी एक. वॉरंटीचं वर्ष तू विकत घेतलंस तेव्हा नाही, तर कंपनीने घाऊकवाल्याला माल दिला तेव्हाच सुरू झालं. डिसेंबरअखेर तेही संपतंय. उघडून बघायचीसुद्धा सोय नाही म्हणे. त्या मुलीवर चिडावं तर ती फार नीट बोलत होती.

हे सगळं घेण्याआधी नुसता नंबर सांगून विचारता आलं असतं, दादा. आपण दोघांनी विचारलं नाही.

सरांनी डिसेंबरच्या मध्यापर्यंत मशीन आण म्हणून बजावलंय. काय करू ते लवकर कळव.
तुझी,
मनीषा


शारजा, २० नोव्हेंबर २०२५

चि. मनूस,
आशीर्वाद.

दुकानात जाऊन आलो. शिक्क्याचा अर्थ विचारला, तर दुकानदार हसून म्हणाला की इंटरनॅशनल म्हणजे मशीन जगात कुठेही असू द्या, इथे घेऊन या, आम्ही बघू. मला त्याची गचांडी धरायची होती. पण सोबतचा मिस्त्री म्हणाला, परदेशात हात उचललास तर फुकटात घरी जाशील. खरं सांगू, एक क्षण तोही बेत बरा वाटला.

पण इथली वॉरंटी अजून जिवंत आहे. कळवणचा योगेश पुढच्या आठवड्यात आमच्याकडे रुजू होतोय. लॅपटॉप त्याच्या हातातल्या बॅगेत दे. मी स्वतः कंपनीच्या सेंटरवर नेतो. इथे नाही म्हणायला त्यांना जागा नाही. सरांच्या हातापाया पड, पण थोडी मुदत घे.

धीर सोडू नकोस.
दादा


शारजा, १४ डिसेंबर २०२५

चि. मनूस,
आशीर्वाद.

त्यांनी नंबर बघितला, वॉरंटी आहे म्हणाले आणि माझ्यासमोर मशीन उघडलं. बटणांच्या खाली पिवळं-तांबडं चिकटून बसलेलं होतं. पाण्याबरोबर आत उतरून त्याने मुख्य बोर्ड खाल्ला. ओल गेली की वॉरंटी संपली, मग ती देशी असो की जगभरची. नवा बोर्ड म्हणजे जवळजवळ नवा लॅपटॉप, आणि तेवढे पैसे आता माझ्याजवळ नाहीत.

तिथल्या पोऱ्याने विचारलं, की यावर रस्सा सांडला का? मी हो म्हटलं. आता त्याला काय समजावणार होतो?

आईला यातलं अक्षर कळता कामा नये. तिने माझ्यासाठीच हात जोडले होते गं. तुला शपथ आहे माझी.
दादा


मखमलाबाद, २ जानेवारी २०२६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सरांनी दोन आठवडे जास्त थांबून बघितलं. मैत्रिणीचा लॅपटॉप आणला, पण त्यात आराखडा उघडेपर्यंत चहा निवायचा, आणि उघडला तर हलायचा नाही. बुधवारी त्यांनी बोलावून सांगितलं की जागा दुसऱ्या मुलीला दिली. काम चांगलं होतं, असंही म्हणाले. एवढे दिवस हेच ऐकायची वाट बघत होते. आता ते ऐकून घरी आले.

आईला सांगितलं की दुकानदाराने फसवलं. ती रोज तुळशीला पाणी घालताना त्याचं वाटोळं मागते. वहिनी माझ्याकडे बघते आणि मी पुसायच्या आत कामाला लागते. तिला काहीतरी उमगलंय. दादा, उघडून तर मीच धरला होता. रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढे येतं.

तू सही करू नकोस. मी द्राक्षाच्या पॅकिंगला जाईन, काहीही करीन. तू ये.
मनीषा


शारजा, १७ जानेवारी २०२६

चि. मनूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोचायच्या आधीच सही झाली. पोचलं असतं तरी केलीच असती, तेव्हा रुखरुख लावून घेऊ नकोस. दोन वर्षांचाच करार मागितला होता. साहेब म्हणाला, आता सगळ्यांना तीनचाच देतोय, नको असेल तर तिकीट काढतो. मी तीनवर सही केली. घरी दोनच सांग. दोन संपली की पुढचं तेव्हा बघू.

तू पॅकिंगला जायचं नाहीस. आराखड्यांचा हात मोडू देऊ नकोस, कुठे बसून करता येईल ते बघ. आणि लॅपटॉप उघडून धरल्याचं जे लिहिलंस, ते पुन्हा लिहू नकोस. मी घरी असतो तर मीही धरलाच असता.

स्नेहलला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तूच सांग.
दादा


मखमलाबाद, १ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दोन वर्षं सांगितली. आई म्हणाली, दोन काय, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जातील. तिने लगेच बोटांवर मोजून तू कोणत्या दिवाळीला येशील ते काढलं, आणि मी मान डोलावली. स्नेहलला सांगितलं तेव्हा ती मांजराशी खेळत होती. तिने वर बघितलं नाही. मला त्याचंच फार वाईट वाटलं.

मी पॅकिंगला जातेय. रागावू नकोस, हंगाम आहे तोवरच.

आता वहिनीचं. तिने कपाटातला वरचा कप्पा तुझ्यासाठी रिकामा करून ठेवला होता. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. काल तिने त्यात स्नेहलचे शाळेचे कपडे लावले. मी दारात उभी होते. एक फ्रॉक घडी करायचा राहिला होता, तो मी तिच्या हाती दिला. तिने विचारलं की नक्की दोनच ना? मी हो म्हटलं. तिने कपाट लावलं आणि म्हणाली, तुम्हा दोघांना खोटं बोलायला कधी जमलंच नाही.

लोभ असू दे, दादा. वाढायला तीन वर्षं आहेत.
तुझी,
मनीषा