आडव्या झाडावरची मोजणी

ती. बाबा,

नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? माझी काळजी सोडा. आता दोर बांधून झाडावर चढावं लागत नाही.

या घनदाट जंगलातल्या सगळ्यात उंच झाडावर किती जाती राहतात, ते मी महिनाभर मोजत होते. शेवाळ, ऑर्किडं, मुंग्या, पानांच्या खोबणीत साचलेल्या पाण्यातले बेडूक. पण साहेबांना आकडा सोमवारच्या आत हवा होता. त्यांनी लाकूडतोड्याला बोलावून झाडच आडवं केलं.

"आता बस खाली आणि मोज. किती सोपं झालं!" म्हणाले.

किळस आली, बाबा. बेडकांची पिल्लं चिखलात तडफडत होती आणि हा माणूस बुटाने फांद्या सरकवत हसत होता. तीनशे बारा जाती भरल्या. ऑफिसात टाळ्या वाजल्या.

मी साहेबांना म्हटलं, "अहवालातून माझं नाव काढा."

"का? यादी तर तुझ्याच अक्षरात आहे."

खरंच आहे. ती तडफड बघत मी मुंगीच्या शेवटच्या जातीपर्यंत मोजत राहिले. साहेबांपेक्षा मला माझीच जास्त शिसारी येते.

आईला सांगा, नोकरी छान चाललीय.

तुमची,
धाकटी