वाढीचे घातक

ता. ३ मार्च

चि. टकळीस, आजीचा आशीर्वाद.

देश मागे का पडतो ते शोधायच्या खात्यात तुला नोकरी लागली. बरं झालं, घरात तुला स्वतःची चप्पल सापडत नव्हती. तुझ्या खात्याचा फॉर्म भरून पाठवलाय. उद्योगाच्या वाढीवर परिणाम करणारे घातक लिहा म्हणतात, म्हणून नावानिशी लिहिले. पहिला वीज कचेरीतला चष्मेवाला कारकून. आपल्या कुलपांच्या कारखान्याची मोठी वीज दोन वर्षं अडली, दर खेपेला त्याची एक सही कमी निघते. मग पुलाचा इंजिनियर. पूल खचल्यापासून कुलपांच्या पेट्या सहा कोस वळसा घालतात. आणि तंत्रशाळेचा मास्तर, जो पोरांना कानस फळ्यावर काढून शिकवतो!

महिनाअखेरीला शाळांच्या कपाटांची दोन हजार कुलपं द्यायचीत. नवं मशीन विजेविना ठोंब्यासारखं बसलंय. ऑर्डर परदेशी कुलपांकडे गेली, की मी आणि कारखान्यातल्या सहा बायका घरी.

वेळ मिळाला तर जेवत जा.
आजी

ता. ११ मार्च

ती. आजीस, सा. न.

अगं, काय केलंस! फॉर्मवर 'घटक' होतं, 'घातक' नाही. घटक म्हणजे वीज, रस्ते, शिक्षण. माणसं नव्हेत! मी न वाचताच गठ्ठा पुढे ढकलला आणि साहेबांनी तुझा फॉर्म मंत्र्यांच्या बैठकीत मोठ्याने वाचला. मंत्री पोट धरून हसले, वीज कचेरीचे प्रमुख काही हसले नाहीत. आता अहवालात नावं छापायची का, यावर खल चालू आहे. कोणी आलंच तर चूक झाली म्हण आणि तोंड आवर. नवा फॉर्म सोबत आहे.

शिव्या कमी, माया जास्त पाठव.
तुझी टकळी

ता. १९ मार्च

चि. टकळीस, आशीर्वाद.

एक काना जास्त आणि 'ट'चा 'त' वाचला तर केवढा गहजब! परवा चष्मेवाला स्वतः आला, मागे दोन वायरमन. नाव खोडा म्हणून गयावया करत होता. आधी तार जोड, मग बघू, असं सांगितलं. दोन वर्षं हरवलेली सही त्याच्याच खिशातल्या पेनात निघाली. मशीन धडाडतंय, कुलपं वेळेवर जातील. पुलावर खडी पडतेय, इंजिनियर उन्हात उभा राहून मोजतोय.

नवा फॉर्म अक्षरावर बोट ठेवून वाचला. वाढीचा घटक लिहिलाय: नाव छापून यायची भीती. दुसरा काही सुचला नाही.

माया आहेच, ती काय दर पत्रात लिहायची? तुझ्या साहेबाला मात्र सांग, अहवाल इतक्यात छापू नका. मास्तर अजून यायचाय.
आजी