करकंबच्या मेलला जोडलेला फॉन्ट

मंगळवार, सोलापूर

दत्तोबांच्या बातम्या आमच्या मेल सर्व्हरवरचा नवा व्हायरस स्कॅनरच अडवत होता, हे आज रेवणसिद्धने तपासून सांगितलं. सर्व्हर तोच सांभाळतो. दत्तोबा आमचे करकंबचे जुने वार्ताहर. दर बातमीसोबत मराठी फॉन्टची फाइल जोडतात, आणि ती त्यांच्या सायबर कॅफेतून व्हायरससकट येते. स्कॅनर अख्खा मेल बाजूला ठेवतो, पाठवणाऱ्याला कळवतही नाही.

काल ते फोनवर म्हणाले, "आमची बातमी नकोच हाय की तुमाला. सरळ सांगा, बंद करतो." मी पान लावायच्या घाईत होतो. मेलच आला नाही म्हटलं. त्यांना ती थाप वाटली असणार.

रेवणसिद्धला म्हटलं, त्यांचे मेल न तपासता सोड.

"सर, व्हायरस काय ओळख बघून येतो का?"

खरंच आहे.

संध्याकाळी दत्तोबांना फोन केला, फॉन्ट जोडू नका म्हटलं. ते म्हणाले, "तुमाला वाचायला अडचण नको म्हणून जोडत होतो, सायेब."

फॉन्ट. इतकी वर्षं, आमच्यासाठी. इथे तो कधीपासूनच आहे, हे कुणी त्यांना सांगितलंच नाही.

उद्या दुपारी नुसता मजकूर पाठवतील. निदान "बघतो" म्हणालेत. पान तीनवर जागा ठेवली आहे.